बिनखताची ओळ

आमच्याकडं कागदाचं आणि माणसाचं फारसं कधी जमलं नाही. ज्यानं कागदावर अंगठा दिला त्याचं काहीतरी गेलंच, हा पिढ्यांचा अनुभव. आजोबांच्या अंगठ्यानं गल्हाटी नदीकाठची दीड एकर काळी सावकाराच्या घरात गेली. पुढं दादा, म्हणजे माझे वडील, सही करायला शिकले, तर एका पाहुण्याला पतसंस्थेत जामीन राहिले. पाहुणा पुण्याला निघून गेला आणि हप्ते सहा वर्षं दादांनी फेडले. तेव्हापासून घरात कुठलाही कागद आला की माय एकच गोष्ट विचारायची, "ह्याच्यातून भाईर पडता येतंय का?" पीकविमा असो, बचतगटाचं कर्ज असो, नाहीतर ठिबकचं अनुदान. मायचा प्रश्न ठरलेला. उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच असायचं.

२०१९ च्या पावसाळ्यात दादा शहरातून एक कागद घेऊन आले. कागद कसला, बावीस पानांचं बाडच होतं ते. त्यात चौथ्या पानावर लिहिलं होतं की, तुम्ही कोणतंही कारण न देता या अभ्यासातून कधीही बाहेर पडू शकता. मायला मी ते तीनदा वाचून दाखवलं. तिचा विश्वास बसला नाही.

दादांच्या दुखण्याची सुरुवात तशी साधीच होती. आमच्या पाचोडच्या शिवारात मोसंबी हेच पीक, मोसंबी हाच सण. हंगामात इथल्या मोसंबी बाजारात गाड्यांची रांग लागते. दादांची चारशे झाडं होती. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरनं पाणी घालून त्यांनी निम्मी जगवली, निम्मी डोळ्यांदेखत वाळली. झाडं वाळली त्या उन्हाळ्यात दादांची साखर वाढली, असं माय आजही म्हणते. डॉक्टर म्हणतात, साखर त्याआधी कितीतरी वर्षांपासून असणार. दोघांचंही खरं असेल.

साखर होती, सोबतीला बीपी आला. गुडघे धरले तसं मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या आणणं सुरू झालं. आमच्या गावात हे कुणाला वावगं वाटत नाही. दिवसभर फवारणी केली की रात्री एक गोळी, कापूस वेचून कंबर धरली की एक गोळी. त्या गोळ्या किडनीवर बसतात हे सांगणारं माणूस गोळी देणाऱ्याच्या दुकानात नसतं. २०१६ साली दादांच्या छातीत कळ आली. जीवनदायी योजनेत काळजाच्या नळीत स्प्रिंग बसवली. तिथंच रक्त तपासलं तर क्रिएटिनिन १.९. लघवीतून प्रथिनं जात होती.

डॉक्टर म्हणाले, "हृदय आणि किडनी, दोन्हीकडं लक्ष द्यावं लागेल."

दादांनी घरी येऊन ते आपल्या भाषेत सांगितलं, "मोटंला दोन बैल जुपलेत. एक लंगडला की दुसऱ्याच्या मानंवर वझं येतं. आता दोनी लंगडू राह्यलेत."

याच्याहून चांगलं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. किडनी बिघडली की अंगात पाणी आणि मीठ साठतं, बीपी चढतो, हृदयावर ताण येतो. हृदय थकलं की किडनीला रक्त कमी पडतं. किडनीच्या दुखण्याची कितीतरी माणसं डायलिसिसपर्यंत पोचतच नाहीत, त्याआधी हृदयच दगा देतं.

आणखी एक गंमत झाली. रक्तात पोटॅशियम वाढलं म्हणून आहाराच्या बाईंनी दादांना मोसंबी बंद केली. चाळीस वर्षं मोसंबीवर घर चालवलेला माणूस बागेत बसून नुसता वास घ्यायचा.

अशा दिवसांत शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी दादांपुढं तो विषय काढला. दवाखान्याचं नाव मी इथं घेत नाही, त्याची गरजही नाही. ते म्हणाले, "बाबा, किडनी आणि हृदय दोन्हीसाठी एका नव्या गोळीची ट्रायल सुरू आहे. तुम्ही बसता त्यात. विचार करा. घाई नाही."

मायनं विचारलं, "ट्रायल? कोर्टाची?"

आमच्याकडं ट्रायल म्हणजे एक तर कोर्टाची, नाहीतर नव्या मोटरीची. माणसाची ट्रायल असते हे कुणाला ठाऊक नव्हतं. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. बसस्टँडवरच्या हॉटेलात चहा पिताना एकानं विचारलं, "काय दादा, उंदीर होऊ राह्यलात म्हणं?"

सगळ्यात जास्त तापले ते आमचे दाजी. ते वाळूजला कंपनीत कामाला, रोज पेपर वाचणारे. त्यांनी फोनवरच सुनावलं, "मामांना सांगा, अजिबात सही करू नका. परदेशी कंपन्या गरिबांवर औषधं घालून बघतात. मेलं माणूस तर कुणी विचारत नाही."

दाजींचं बोलणं हवेतलं नव्हतं. २००९ साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस अभ्यास म्हणून दिली गेली. कितीतरी मुली वसतिगृहात राहणाऱ्या, आदिवासी. त्यांच्या आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच संमतीच्या सह्या केल्या होत्या. पुढच्या वर्षी ते थांबवलं गेलं, आणि २०१३ साली संसदेच्या समितीनं त्यावर कडक अहवाल दिला. इंदूरकडं तर रुग्णांना न सांगता चाचण्या झाल्याच्या तक्रारी होत्या. तिथला स्वास्थ्य अधिकार मंच २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. आमच्या आजोबांचा अंगठा निदान त्यांचा स्वतःचा तरी होता. इथं दुसऱ्याच्याच अंगठ्यावर लेकरं दिली होती.

म्हणून ते बाड आम्ही नीट वाचायचं ठरवलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर. रोज रात्री जेवणं झाली की दादा खाटेवर, माय उंबऱ्याशी आणि मी मध्ये पानं घेऊन. मराठीतच होतं सगळं, पण ती मराठी आमच्या घरात कधी आलेली नव्हती. एका ठिकाणी होतं, 'सहभागींचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल.'

दादा म्हणाले, "हे काय करणार मला?"

मी म्हणालो, "चिठ्ठी टाकणार. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कुठली ते चिठ्ठीवर. तुम्हाला कळणार नाही, डॉक्टरांनाही कळणार नाही."

मायनं पदर तोंडाला लावला. "म्हंजे बिमार माणसाला खोटी गोळी देणार? आन् डाक्टरलाबी ठावं न्हाई?"

दादा मात्र काही बोलले नाहीत. बराच वेळ आढ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "खताच्या ओळीवाणी हाये की हे."

मला आठवलं. मी शाळेत असताना कृषी खात्याच्या साहेबांनी आमच्या बागेत एक प्रयोग केला होता. फळगळ थांबवायला म्हणून एक नवं खत आलं होतं. साहेबांनी एक ओळ खताची आणि एक ओळ बिनखताची अशा आठ ओळी आखल्या. कुठल्या ओळीला घालायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. दादांनी तेव्हा भांडण काढलं होतं. खत चांगलं आहे तर सगळ्याच झाडांना का नाही? साहेब म्हणाले होते, "चांगलं आहे का तेच बघायचंय. सगळ्यांना घातलं आणि फळ टिकलं, तर ते खतानं टिकलं की यंदा पाऊस बरा झाला म्हणून टिकलं, हे कसं सांगणार?"

"आन् काय झालं व्हतं त्या साली?" माय म्हणाली.

"काय व्हनार? दोनी ओळींचं फळ सारखंच गळलं. बिनखताची ओळ नसती तर मी जलमभर त्या खताचे पैसे भरले असते."

आमच्या गावाला असं मोजमाप तसं नवं नाही. पाचोडला इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही डॉ. अशोक द्याळचंद यांची संस्था कितीतरी वर्षांपासून आहे. वह्या घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाया आम्ही लहानपणापासून बघत आलो. संस्थेनं आसपासच्या खेड्यांत लग्न न झालेल्या मुलींसाठी रोज तासाभराचे वर्ग चालवले आणि १९९७ ते २००१ या काळात मोजलं. मुलींच्या लग्नाचं मधलं वय १६ वरून १७ वर गेलं. तुलनेसाठी वर्ग न चाललेली गावंही मोजली होती. ती गावं मोजली नसती तर लोक म्हणाले असते, जमानाच बदलला, वर्गानं काय केलं? एका वर्षाचा फरक ऐकायला लहान वाटतो. ज्या पोरीचं लग्न त्या वर्षी टळलं तिला विचारावं.

तरी मनातला काटा जात नव्हता. बागेतल्या झाडाला बायको-पोरं नसतात. दादा बिनखताच्या ओळीत पडले तर? पुढच्या वेळी दाजी स्वतः रजा काढून दवाखान्यात आले आणि त्यांनी डॉक्टरांना सरळ तेच विचारलं.

डॉक्टर तरुण होते, पण चिडले नाहीत. म्हणाले, "बाबांच्या आत्ताच्या सगळ्या गोळ्या, बीपीच्या, साखरेच्या, काळजाच्या, तशाच चालू राहणार. दोन्ही गटांत. नवी गोळी त्याच्या वर आहे. आणि नवी गोळी चांगलीच आहे हे मला आज ठाऊक असतं तर चिठ्ठी टाकणं पाप झालं असतं. ठाऊक नाही म्हणून तर टाकायची."

मग त्यांनी अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. ती मी नंतर नीट शोधून वाचली. झटका येऊन गेलेल्या माणसांच्या हृदयाचे ठोके चुकतात, आणि ठोके चुकणारी माणसं जास्त मरतात. म्हणून ठोके सरळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टर मोठ्या विश्वासानं देत होते. ठोके सरळ व्हायचे, ते यंत्रावर दिसायचं. मग कुणीतरी म्हणालं, चिठ्ठी टाकून बघू. काहींना त्या गोळ्या, काहींना बिनऔषधाच्या. १९८९ साली तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. सरासरी दहा महिन्यांत गोळी घेणाऱ्या ७५५ जणांतले ६३ मेले, आणि बिनऔषधाची गोळी घेणाऱ्या ७४३ जणांतले २६. ठोके सरळ करणारी गोळीच माणसं मारत होती. त्या वेळी बिनखताच्या ओळीत पडलेले नशीबवान ठरले.

दाजी गप्प झाले. परतीच्या एसटीत आडूळ आलं तेव्हा ते पहिल्यांदा बोलले, "मग चांगली ओळ कोणती, हे कुणालाच माहीत नसतं म्हणा."

त्यांचा विरोध मावळला नाही, पण प्रश्न बदलले. आता ते मला कामाला लावू लागले. हा अभ्यास सरकारकडं नोंदलेला आहे का ते बघ. आपल्याकडं चाचण्यांची एक सरकारी नोंदवही आहे, आणि १५ जून २००९ पासून प्रत्येक चाचणी त्यात नोंदवणं सक्तीचं आहे. कुणालाही मोबाइलवर बघता येते. बाडावरचा नंबर घालून मी बघितलं, तर नाव, दवाखाना, कंपनी, सगळं जुळलं. मग नियम वाच. त्याच वर्षी मार्चमध्ये नवे नियम आले होते. दवाखान्यात एक नैतिकता समिती असते, तिच्या मान्यतेशिवाय चाचणी करता येत नाही. किमान सात माणसं, त्यात निदान एक बाई, एक कायद्याचं माणूस, एक साधा माणूस, आणि निम्मे तरी त्या दवाखान्याच्या बाहेरचे.

दादा म्हणाले, "म्हंजे पंचच की. निम्मे भाईरगावचे."

चाचणीमुळं काही इजा झाली तर उपचार फुकट, आणि जीव गेला तर भरपाई. भरपाईचं गणितसुद्धा नियमात दिलेलं. आठ लाखांचा पाया धरायचा, त्याला वयाच्या आकड्यानं आणि आजाराच्या आकड्यानं गुणायचं. वय जास्त असेल तर रक्कम घटते. आधीचा आजार जड असेल तर आणखी घटते. मी ते दादांना समजावून सांगितलं. ते खो खो हसले.

"म्हाताऱ्या बैलाचा भाव बाजारात कमीच असतो, मास्तर. त्यात काय नवीन?"

हसण्यावारी गेलं, पण मला रात्री झोप आली नाही. एक विचार मनातून जाईना. दादांना ट्रायलमध्ये काय मिळणार होतं? रक्ताच्या, लघवीच्या तपासण्या फुकट. एसटीचं भाडं आणि जेवणाचे पैसे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, नावानं ओळखणारा डॉक्टर. एरवी सरकारी ओपीडीत चार तास रांगेत बसून दोन मिनिटं वाट्याला येतात. खासगीत जायचं तर मोसंबीचा पूर्ण तोडा लागतो. ज्याला एरवी डॉक्टर भेटतच नाही त्याचा होकार मोकळा म्हणायचा का? शहरातला पैशेवाला पेशंट 'विचार करतो' म्हणून निघून जाऊ शकतो, त्याला दुसरं दार आहे. आमच्या माणसाला तेच एक दार असलं तर चौथ्या पानावरच्या त्या ओळीला काय अर्थ?

मी हे दादांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तुझं खरं हाये. मला भाड्याचाबी लोभ हाये, डाक्टरचाबी हाये. खोटं कामून बोलू? पण त्या ओळीचंबी हाये. दोनी हाये."

ऑगस्टमध्ये दादांनी सही केली. सही करताना समोर कॅमेरा लावला होता. बोलणंसुद्धा रेकॉर्ड केलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशापासून हे सुरू झालं आहे. डॉक्टरांनी पुन्हा सगळं सांगितलं आणि दादांनाच विचारलं, "बाबा, तुम्हाला काय समजलं ते सांगा." दादांनी खताच्या ओळीपासून सुरुवात केली. कॅमेरा धरलेला पोरगा हसू दाबत होता. बाडाची एक प्रत, दोघांच्या सह्यांची, दादांना मिळाली. सात-बाराच्या पिशवीत ती अजून आहे.

आता जे सांगतो ते दादांचं खास. तिसऱ्या महिन्यात ते गोळ्या आणायला गेले. मी सोबत होतो. तिथं हिशेब ठेवणारी एक मुलगी होती, गोळ्या मोजून घ्यायची, मोजून द्यायची. दादा तिला म्हणाले, "ताई, मला सोडायचंय हे. आजपासून बंद."

मी चमकलो. घरी काहीच बोलणं झालं नव्हतं.

ती मुलगी म्हणाली, "काही त्रास झाला का काका?"

"न्हाई."

"कारण सांगितलं तर आम्हाला मदत होईल, पण नाही सांगितलं तरी चालेल. फक्त शेवटची एक तपासणी करून घ्या, तुमच्यासाठीच. तुमचे नेहमीचे उपचार सर चालूच ठेवतील."

डॉक्टर आले. त्यांनीही तेच सांगितलं. चेहरा थोडा पडला त्यांचा, पण आवाज चढला नाही. म्हणाले, "पुढच्या महिन्यात साखर तपासायला या मात्र. ते चुकवू नका."

दादा खुर्चीतून उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. "ऱ्हातो," ते म्हणाले. "द्या गोळ्या."

बाहेर आल्यावर मी विचारलं, हे काय होतं? दादा म्हणाले, "दावं बांधलंय का नुसतं गळ्यात हाये, ते वढून बघितल्याबिगर कळत नसतं."

पुढं मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. एसटी बंद, रस्त्यावर पोलीस, मोसंबीला गिऱ्हाईक नाही. ती मुलगी दर पंधरा दिवसांनी फोन करायची. सूज आहे का, धाप लागते का, गोळ्या किती उरल्या. गावात आमच्याच वयाची दोन माणसं त्या काळात डायलिसिसला जाता न आल्यानं खचली. दादांचा फोन वाजला की माय म्हणायची, "आली तुमच्या ताईची हाजरी." दादांनी दोन वर्षांत एकही गोळी चुकवली नाही. कापसाच्या वेचणीला जातानासुद्धा डबी टोपीत असायची.

अभ्यास संपला आणि काही महिन्यांनी डॉक्टरांनी बोलावून सांगितलं की दादांच्या डब्यांत बिनऔषधाची गोळी होती.

माय भडकली. "दोन साल चुना खाल्ला! आन् एक दिस चुकू दिला न्हाई. उपासाला चुकले असते पण गोळीला न्हाई."

मलाही वाईट वाटलं, हे लपवत नाही. आकड्यांचं कितीही कळलं तरी आपला बाप त्या ओळीत होता हे कळणं वेगळं असतं. दादा शांत होते. त्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "माझी वही नीट लिव्हली का? मंग झालं."

त्याच भेटीत डॉक्टरांनी दादांना दुसरी एक गोळी सुरू केली. बाजारात मिळणारी, डापाग्लिफ्लोझिन नावाची. ती मुळात साखरेची गोळी, लघवीवाटे साखर बाहेर काढणारी. तीच किडनीला आणि हृदयालाही सांभाळते हे कळलं ते अशाच चिठ्ठ्या टाकून. त्यातला किडनीचा मोठा अभ्यास २१ देशांत झाला. ४३०४ माणसं, त्यात आपल्या देशातलीही. निम्म्यांना म्हणजे २१५२ जणांना गोळी, तितक्यांनाच बिनऔषधाची. २०२० साली निकाल आला. ज्यांची किडनी निम्म्यानं घटली किंवा पुरती गेली, किंवा जे किडनीच्या नाहीतर हृदयाच्या दुखण्यानं गेले, अशी माणसं बिनऔषधाच्या गटात ३१२ निघाली आणि गोळीच्या गटात १९७. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास वेळेआधीच थांबवला. त्याच वर्षी तिचं आपल्याकडचं पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. नाहीतर ती आमच्या आवाक्यातली नव्हती.

हे आकडे मी दादांना वाचून दाखवले. ते १९७ वर थांबले नाहीत, ३१२ वर थांबले.

"ते तीनशे बारा कोन व्हते?"

"माहीत नाही. नावं छापत नाहीत."

"त्यायच्यापायी ही गोळी मला गावली," दादा म्हणाले. "त्यायचं बी कुनी लिव्हून ठिवलं असंल ना?"

मी म्हणालो, "लिहिलंय, दादा. त्यांच्यावरच तर सगळं उभं आहे."

आता दादा पंचाहत्तरीचे आहेत. क्रिएटिनिन २.१ वर आहे, वर्षभर तिथंच आहे. दुखण्याच्या गोळ्या घरातून हद्दपार झाल्या. गुडघ्याला शेकतात. मोसंबीचा वास अजून घेतात.

गावात हळूहळू बोभाटा झाला की मास्तरला ट्रायलचे कागद वाचता येतात. आडूळकडून, विहामांडव्याकडून लोक येतात. मी कुणाला 'करा' म्हणत नाही, 'करू नका'ही म्हणत नाही. बाड घरी आणा आणि दोन रात्री घरात ठेवा, एवढं पहिलं सांगतो. जो घरी न्यायला देत नाही, तिथं सही करू नका. मग विचारायचे प्रश्न लिहून देतो. माझे चालू उपचार बंद होणार का? चिठ्ठीत मला काहीच न मिळण्याची शक्यता किती? त्रास झाला तर रात्री फोन कुणाला करायचा? खर्च कुणाचा? नोंदणीचा नंबर काय? संपल्यावर माझं काय? आणि मी नाही म्हणालो तर तुम्ही मला बघणार का?

मागच्या वर्षी एक मोसंबीवालेच आले होते. किडनी आणि हृदय, दोन्ही धरलेलं. आम्ही दोन संध्याकाळी पानं वाचली. दादा शेजारी बसून खताची ओळ समजावत होते. त्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मला दर महिन्याला शहरात जाणं जमणार नाही, बाग एकट्याच्या अंगावर आहे. ते दवाखान्यात जाऊन तसं सांगून आले. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे. मला वाटलं, दादा हिरमुसतील. ते उलट खूश झाले. म्हणाले, "न्हाई म्हनून आला आन् तरीबी डाक्टर बघू राह्यला. मंग दवाखाना बरा हाये."

ते गृहस्थ अजून त्याच डॉक्टरांकडं जातात. दादा घेतात तीच गोळी घेतात. तोड्याच्या दिवसांत आमच्याकडं मोसंबीची पाटी पाठवतात, आणि माय ती दादांच्या नजरेआड ठेवते.